टाकीवरचं नाक

"नाकसाहेब, बघा लवकर. वेल्डर खोळंबलाय."

सुपरवायझरने खालून हाक मारली तेव्हा नाकसाहेब टाकीच्या शिडीवर मध्येच थांबले होते. गुडघा दुखतोय असं दाखवत त्यांनी तो चोळला. खरं तर गुडघा ठणठणीत होता.

रंगाचा कारखाना होता तो, आणि ही टाकी थिनरची. तळाला चीर गेली होती आणि आतून वेल्डिंग केल्याशिवाय ती बुजणार नव्हती. टाकी रिकामी करून धुतली होती, पंखा लावून आत वारा मारला होता. आता प्रश्न एवढाच होता, की थिनरची वाफ उरली आहे का. ही वाफ हवेपेक्षा जड. वरून सगळं स्वच्छ वाटतं आणि ती तळाशी दबा धरून बसते. माणसाला दारूसारखी चढते, भोवळ आणते, आणि ठिणगी मिळाली तर माणसासकट टाकी उडवते. ती मोजायला मीटर असतं. कारखान्याचं मीटर बिघडून दुरुस्तीला गेलं होतं, पण त्याचं कुणाला फारसं अडलं नव्हतं. मीटर असतानाही मंडळी नाकसाहेबांनाच वर पाठवायची. त्यांनी झाकणातून डोकं घालायचं, हुंगायचं, आणि "चालेल" म्हणायचं. मग माणूस आत उतरायचा. कधी काळी त्यांनी जेवणाच्या खोलीत बसल्या बसल्या गोदामातलं गळकं पिंप ओळखलं होतं, तेव्हापासून हा रिवाज पडला होता. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

आणि हे नाक मेलं होतं. आयुष्यभर थिनर हुंगून दुसरं काय होणार? उन्हाळ्यात कधीतरी ते हळूहळू गेलं, आणि नाकसाहेबांनी ते कुणाला कळू दिलं नाही. आज सकाळीच ते चुलीशेजारी पेपर वाचत बसले होते आणि दूध करपून कोळसा झालं. बायको धावत आली.

"अहो, इथेच बसलाय ना तुम्ही? घरभर वास सुटलाय!"

"सर्दी झालीय."

"उन्हाळ्यापासून कसली ही सर्दी?"

त्यांनी पेपर आणखी वर धरला होता.

कारखान्यात त्यांनी युक्तीने निभावून नेलं होतं. डोळे चुरचुरतात का बघायचं, शंका आली की "अजून एक पाणी मारा" म्हणायचं. पण आजची गोष्ट निराळी होती. आज आत उतरणारा वेल्डर म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यांच्याच घरी राहून शिकलेला. हे काम त्याला मिळालं तेही नाकसाहेबांच्या शब्दावर.

मेहुणा शिडीखाली पट्टा आवळत उभा होता. "भाऊजी, नीट हुंगा बरं का! मला काही झालं तर ताई तुम्हाला जेवायला घालणार नाही."

"आता तरी कुठे धड घालते?" नाकसाहेब म्हणाले. सगळे हसले. हसण्याने त्यांना जरा धीर आला आणि ते उरलेल्या पायऱ्या चढून गेले.

त्यांनी झाकणातून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही. थिनर नाही, गंज नाही. धुतलेल्या टाकीला ओल्या लोखंडाचा वास तरी असतो. तोही नाही.

"अजून एक पाणी मारूया," ते म्हणाले.

"पुन्हा?" सुपरवायझरचा आवाज चढला. "सकाळपासून पाणीच मारतोय. वरून फोनवर फोन येतायत मला. हल्ली प्रत्येक टाकीला तुमचं हेच. का हो, नाक म्हातारं झालं की काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. नाकसाहेबांचे कान तापले. खाली सगळे माना वर करून त्यांच्याकडे बघत होते, मेहुणासुद्धा.

"चालेल," ते म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि तो परत घ्यावा असं त्यांना वाटलं. पण तोवर मेहुणा वर आला होता, त्यांच्या खांद्यावर थाप मारून आत उतरलाही होता. त्याच्या पट्ट्याचा दोर दोघांनी धरला होता. वेल्डिंगची वायर त्याच्या मागोमाग आत गेली. तळाच्या पत्र्यावर बूट वाजले.

"भाऊजी, काय मस्त गार आहे इथे!"

"बोलू नकोस. काम उरक."

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतून हसणं ऐकू आलं. आधी बारीक, मग मोठ्याने. नाकसाहेबांनी दचकून झाकणात बघितलं. मेहुणा गमत्या होता, चारचौघांना हसवायचा. पण एकट्याने हसणारा तो नव्हता. आत बॅटरीचा उजेड इकडून तिकडे हेलकावे खात होता.

"डोळ्यांवर काच लावली हो," मेहुण्याची जीभ जड झाली होती. "मशीन चालू करा."

खाली मशीनवाल्याने बटणाकडे हात नेला.

"नको!" नाकसाहेब एवढ्या जोरात ओरडले की त्यांचा घसा फाटला. "हात काढ! बटण लावू नकोस! दोर ओढा, वर घ्या त्याला!"

"अहो, झालं काय?" सुपरवायझर म्हणाला. "तुम्हीच आत्ता..."

"मला वास येत नाही! कशाचाच येत नाही! ओढा म्हणतो ना!"

मग दोर ताणला गेला. मेहुणा पायावर आलाच नाही. पोत्यासारखा वर आला. झाकणाशी नाकसाहेबांनी त्याला काखेत धरून बाहेर घेतलं.

मोकळ्या हवेत आणल्यावर त्याला भडाभडा उलटी झाली आणि मग चेहऱ्यावर रंग आला. गाडी बोलावली होती. सुपरवायझरने शेजारच्या कारखान्यातून मीटर मागवून नळी तळापर्यंत सोडली, तर काटा थेट टोकाला गेला. एक ठिणगी पुरली असती.

मेहुण्याने नाकसाहेबांकडे बघितलं. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"मग मला आत का सोडलंत?"

"सगळे बघत होते रे."

मेहुण्याने मान फिरवली. गाडी आली, ती त्याला घेऊन गेली. नाकसाहेब सोबत जायला निघाले, तेव्हा त्याने आतूनच हाताने नको म्हटलं.

लोक पांगले. एकटा झाडूवाला तेवढा उभा राहिला. पूर्वी हा टाक्या धुवायचा.

"उन्हाळ्यापासून म्हणालात ना, नाकसाहेब?" त्याने विचारलं. "मी पडलो तो पावसाळ्यात."

नाकसाहेबांना तो दिवस आठवला. गोदामामागची टाकी धुताना हा माणूस आत कोसळला होता. बाहेर काढला तेव्हा असाच हसत होता, असाच बरळत होता. "टाकी साफ होती, मी स्वतः बघितलीय. हाच पिऊन आला असणार," असं सर्वांसमोर म्हणणारे नाकसाहेबच होते. त्याच्या हातात झाडू आला तो त्या दिवशी.

"मी दारूला शिवलोही नव्हतो हो," झाडूवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच नाकसाहेबांना सोसेना. "पोरगी झाली तेव्हाच सोडली होती. पण घरी बातमी गेलीच. तेव्हापासून बायको रोज दारात माझं तोंड हुंगते, मगच आत घेते."

"मी सुपरवायझरला सांगतो. आत्ताच सांगतो."

"त्याला सांगाच. पण आधी माझ्या घरी चला."

संध्याकाळी दोघं बरोबर निघाले. अरुंद जिन्यावर झाडूवाला पुढे आणि नाकसाहेब मागे. दार उघडलं. त्याच्या बायकोने मागे परका माणूस आहे हे पाहिलंच नाही. रोजच्यासारखी ती पुढे झुकली, आणि नवऱ्यानेही रोजच्यासारखं निमूटपणे तोंड उघडलं.

"वहिनी, थांबा," नाकसाहेब म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आपलं नाक, ती टाकी, सर्वांसमोर बोललेलं ते वाक्य. काही राखून ठेवलं नाही. ती बाई दाराची कडी घट्ट धरून ऐकत होती.

त्यांचं बोलून झाल्यावर तिने नवऱ्याच्या हातातला डबा घेतला.

"आत या," ती त्याला म्हणाली. "हात धुवा. जेवायला वाढते."

तो आत गेला. दार उघडंच राहिलं. नाकसाहेबांना कुणी या म्हणालं नाही की जा म्हणालं नाही. आत ताट मांडल्याचा आवाज आला. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि मग पायांचा आवाज होऊ न देता जिना उतरले.