एकविसावी फट

"सज्ज्याच्या गजाआड, माझी मैना गं बसली,
मावळला नाही दिस, तरी चांदणी दिसली..."

शेजारच्या मालनकाकूंचा हा आवाज आनंदाच्या कानात पस्तीस वर्षं घर करून होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि काकूंची मेघना दोन वर्षांची. लाकडी कठड्याचा एक गज नव्हता, त्या भगदाडातून ती खालच्या दुकानाच्या पत्र्यावर पडली. जगली, पण पाय अधू झाला.

आज लालबागच्या त्याच चाळीत, त्याच दुसऱ्या मजल्यावर तो लोखंडी कठडा बसवायला आला होता.

दोन खांबांमध्ये दोनशे सेहेचाळीस सेंटिमीटर. दोन-दोन सेंटिमीटर जाडीचे वीस गज. उरले दोनशे सहा. फट दहाच्या आत हवी, लेकरू निसटता कामा नये. त्याने विसाने भागलं. दहा पूर्णांक तीन! खोडलं, पुन्हा भागलं. पुन्हा तेच.

"मेल्या, कठडा करतोयस की पत्रिका जुळवतोयस?" दारात तांदूळ निवडणाऱ्या मालनकाकू म्हणाल्या.

मेघना लंगडत आली, कडेवर तिची लेक छकुली. कागदात डोकावली. "दादा, गज वीस, पण फटी एकवीस ना? दोन्ही टोकांना खांब आहेत की."

वीस वर्षं हेच काम करणाऱ्या आनंदाने कपाळावर हात मारला. एकवीस! नऊ पूर्णांक आठ. तेवढाच लाकडी ठोकळा कापून, तो मध्ये धरून त्याने एकेक गज वेल्डिंगने जोडत नेला. प्रत्येक फट ठोकळ्याने तपासली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अरे, किती वेळा?" मेघना हसली.

गज निवल्यावर तिने छकुलीला खाली ठेवलं. पोरीने फटीत कपाळ खुपसलं, ते गजांना अडलं, तशी ती खुदकन हसली.

काकूंचा तांदळातला हात थांबला. "आता नळाला गेलं तरी घोर नाही. त्या दिवशी मी पाण्याला गेले आणि... सगळे म्हणाले, गज कुजून पडला. पण आईला दिसायला नको होतं? सासू मरेस्तोवर तेच बोलली. खरंच होतं तिचं."

आनंदाच्या हातातला ठोकळा खाली पडला.

"नाही काकू. गज कुजला नव्हता. क्रिकेटला स्टंप हवा होता, म्हणून मी उपटला होता."