विहिरीत गेलेली काजळी

मित्रांनो, माझी पाने अठ्ठेचाळीस आणि पिना दोन. त्यातली एक वाकडी बसली आहे, म्हणून मी आजही सरळ मिटत नाही. माझ्यात गोष्ट नाही, चित्रेही मोजून तीन. मी एका जुन्या साहसखेळाची नियमपुस्तिका आहे.

या खेळाला पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण सूत्रधार होतो आणि सांगतो, "समोर अंधारी विहीर आहे, आतून आवाज येतोय." बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने ठरवतात, उतरायचे की पळायचे. जमले की फसले, ते फासा ठरवतो. मला लिहिले गणिताच्या एका शिक्षकाने. पावतीपुस्तके छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यात माझ्या तीनशे प्रती निघाल्या. त्या शिक्षकाला पाल्हाळ ठाऊक नव्हता. माझे एकोणिसावे कलमच बघा ना: "फासा सर्वांसमोर टाकावा. प्राण शून्यावर आले की पात्र मेले. नवा कागद घ्या."

मला विकत घेतले ते नकाशे काढणाऱ्या एका आरेखकाने. रविवारी दुपारी जेवणाचे टेबल पुसून तो मला मधोमध ठेवी आणि मुलगा नि मुलगी दोन्ही बाजूंना कोपरे टेकून बसत. किती पात्रे मेली म्हणून सांगू! मुलगा मेला की खो खो हसायचा. मुलगी मात्र नाक ओढत नवा कागद घ्यायची. माझ्या मुखपृष्ठावर चहाचे गोल डाग पडले. मला ते बक्षिसासारखे वाटत. मग मुले मोठी झाली, आरेखक वारला आणि मी एका पेटीत बारा वर्षे पडून राहिले. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला.

पेटी उघडली ती त्याच मुलीने. आता ती स्वतः आई झाली होती. तिची लेक नऊ वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आईने मला लगेच तिच्या हाती दिले नाही. नवी, जाडजूड, रंगीत नियमपुस्तके आणून आठवडाभर माझ्याशी ताडून पाहिली. माझ्या समासात पेन्सिलीने शेरे मारले: "सोपे." "छान, लगेच खेळता येते." एकोणिसाव्या कलमापाशी लिहिले, "फार कठोर."

मग तिने भावाला फोन लावला.

"दादा, बाबांचंच पुस्तक बरं आहे रे. नव्यात दोनशे पानं वाचा, तेव्हा कुठे खेळ सुरू. पण ते मरणाचं कलम..."

"अगं मरू दे की! आपण काय कमी वेळा मेलो?"

"तू मेलास की हसायचास. ही हसणार नाही. हिचं जेवण बंद होईल."

"जेवण तुझं बंद होईल, तिचं नाही," दादा म्हणाला.

भिंगरीने पात्र केले काजळी. हातात कंदील, कमरेला दोर, प्राण चार. आणि मित्रांनो, आईने मला अर्धवट उघडून तंबूसारखे उभे केले. माझ्या आड ती फासा टाकू लागली. ज्या पानावर "सर्वांसमोर" असे छापले आहे, तेच पान भिंत झाले. विहिरीत उतरताना फाशावर दोन पडले. निदान चार हवे होते, नाहीतर चारही प्राण जाणार. आईने फासा मुठीत झाकला आणि म्हणाली, "वाचलीस! दोर हाताला लागला."

भिंगरी खुर्चीवर उभी राहून नाचली. मी काय करणार? मला बोलता येत नव्हते.

वर्षभर काजळी मेली नाही. ती कोळ्याच्या जाळ्यातून सुटली, तिने पूल ओलांडला, राक्षस मारला. पण आईचे मन तिला खात असावे. माझे शेवटचे पान कोरे आहे, वर फक्त "घरचे नियम" असा मथळा. तिथे ती बारीक अक्षरात नोंद करी: "विहीर, मेली. कोळी, मेली. पूल, मेली."

एका दुपारी भिंगरीला सूत्रधार व्हायची हुक्की आली. तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, विहिरीत काजळी मेली होती?"

आईचा हात बाहीवर थांबला. "अगं, तुला ताप होता ना त्या आठवड्यात."

"आणि कोळ्याच्या वेळी?"

"दुसऱ्या दिवशी परीक्षा होती तुझी."

"आणि पुलावर?"

आईने घातलेली घडी पुन्हा उलगडली. "त्या दिवशी काही नव्हतं. मलाच नको होतं."

"मग राक्षसाला कुणी मारलं?"

"तूच की गं, राणी."

"मी कुठे? मी तर विहिरीतच होते."

भिंगरीने मला टेबलावर आडवे केले. "विहिरीपासून पुन्हा. समोर टाक."

आईने फासा टाकला. तो घरंगळत असताना तिचा हात तो धरायला पुढे गेला, आणि तिने हात ओढून मागे घेतला. तीन पडले.

"मेली," आई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला. भिंगरीने काजळीच्या कागदावर तारीख घातली. ती रडली नाही.

"नवा कागद घेऊ या? यापुढे सगळं समोर, शप्पथ."

"तू टाकशील गं समोर. पण मी फाशाकडे बघणारच नाही. तुझ्याकडेच बघत बसेन."

त्यानंतर त्या टेबलावर खेळ झाला नाही. आता मी कपाटात, इस्त्रीच्या चादरीखाली असते. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा जुना खेळ असेल आणि त्यातला एखादा नियम निर्दय वाटत असेल, तर जरूर खोडा. त्या शिक्षकाने कोरे पान ठेवले ते त्याचसाठी. फक्त खेळणाऱ्या सगळ्यांना जवळ बोलावून खोडा. आमच्यासारख्या पुस्तकांना धूळ बसली तरी चालते, पण कुणापासून काही लपवायला आम्हाला उभे करू नका.

परवा आईने मला बाहेर काढले. शेवटच्या पानावरच्या नोंदी खोडरबराने पुसल्या आणि त्या पुसट जागेवर लिहिले, "आमच्या घरी पात्र". पुढचे शब्द लेकीला विचारून लिहायचे होते. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. आतून उत्तर आले, "अभ्यास करतेय."

वाक्य तेवढेच राहिले आहे.