मागच्या जिन्याचं कुलूप

त्याला सगळे क्लिक्या म्हणायचे. फोटोंचं कौतुक सगळ्यांना, पण कौतुकानं चूल पेटत नाही. वर्तमानपत्रवाले मनात आलं तर फोटो घ्यायचे, नाही तर ‘आज जागा नाही हो’ म्हणून फोन ठेवायचे. नोकरी नाही, पगार नाही, ओळखपत्र नाही. मोर्च्यात पोलिसाची काठी मात्र पगारी माणसाइतकीच लागायची. म्हणून पोटासाठी तो कॅटलॉगचे फोटो काढायचा. तेही काम एकाच ठिकाणी मिळायचं, शाळेच्या दप्तरांच्या कारखान्यात, आणि तेही ताईमुळे. ताई तिथं वरच्या मजल्यावर शिलाई मशीनवर बसायची. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, कॅमेराही तिनंच घेऊन दिला होता.

एकदा दप्तरांचे फोटो काढायला तो वर गेला आणि त्याला मागच्या जिन्याचं दार दिसलं. दाराला हे एवढं कुलूप. माल चोरीला जातो म्हणून शेठनं लावलेलं. दाराला टेकून फोमचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांपुढे मान खाली घालून शिवणाऱ्या बायका. ठिणगी पडली तर या जाणार कुठून? खिडकीतला तिरका उजेड नेमका कुलपावर पडला होता. क्लिक्याचे हात शिवशिवले आणि त्यानं फोटो काढला.

घरी ताईला दाखवला, तर ती म्हणाली, “हे कुठं छापू नकोस, बाबा. आमच्या पोटावर पाय येईल.”

“आणि आग लागली तर?”

“इतकी वर्षं कुठं लागली?”

फोटो छापावा तर ताईची नोकरी जाते, न छापावा तर एखाद्या दिवशी ताईच जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्यानं फोटो वर्तमानपत्राला दिला, फक्त खाली नाव घालू नका म्हणाला. नावासाठी हा गडी जन्मभर उन्हातान्हात फिरला, आणि पहिल्या पानावर आला तो बिननावाचा.

दुसऱ्याच दिवशी शेठनं बोलावलं. टेबलावर ते वर्तमानपत्र, शेजारी दोन कप चहा. शेठ आवाज चढवणाऱ्यातला नव्हता.

“छान काढलायस.”

“मी? नाही हो शेठ, कुणीतरी मोबाइलवर...”

“अरे, माझ्या दप्तरांवर असाच तिरका उजेड घेतोस की तू. कॅटलॉग रोज हातात असतो माझ्या. दुसऱ्या कुणाचा हात असा नाही.”

क्लिक्याची चोरी पकडली गेली होती. पण खरं सांगायचं तर, आणि सांगतानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं, आधी त्याला बरं वाटलं. नाव न वाचता त्याचा फोटो ओळखणारा उभ्या आयुष्यात हा एकच माणूस भेटला होता.

“आता दुसरा काढ,” शेठ म्हणाला. “दार उघडं, जिना मोकळा. तुझ्या ताईला पुढे उभी कर, हसरा चेहरा आहे तिचा. आणि या खेपेला खाली नाव घाल. बिननावाच्या फोटोवर कोण विश्वास ठेवतं?”

“आणि नाही काढला तर?”

“मी कुठं काही म्हटलं? चहा घे, निवतोय.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तो वर गेला. गठ्ठे हलवले होते, कुलूप काढलं होतं. ताई दारात येऊन उभी राहिली, पण काही केल्या हसेना. “हस ना, ताई,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली. मग ती हसली. लहानपणी त्याला कडू औषध पाजताना हसायची, तशी.

वर्तमानपत्रातल्या साहेबांनी फोटो लगेच घेतला. दुसरी बाजूही आली म्हणून ते खूशच झाले.

सकाळी ताईनं वर्तमानपत्र उघडलं. फोटोखाली नाव होतं, आडनावासकट. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले, आणि तेही आनंदानं, हेच वाईट.

“ताई, दार उघडंच आहे ना आता?”

“तू खाली उतरलास आणि लगेच लावलं की,” ती डबा भरता भरता म्हणाली. “आता कुठं बोलूही नकोस. उघडं असतं म्हणून तूच छापलंयस, नावानिशी.”

तिनं चपला घातल्या आणि ती कामाला निघाली.