सात मिलिमीटरचे दिवे

माळेतला एक दिवा पाच मिलिमीटर जाडीचा आहे. तो तीन मीटरवर टांगला, भिंग पूर्ण उघडं ठेवलं आणि फोकस अर्ध्या मीटरवर आणला, की कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याची सात मिलिमीटरची चकती होते. मी पट्टी लावून मोजली. चकतीची कड मधल्या भागापेक्षा किंचित उजळ होती. पडद्याच्या कोपऱ्यांकडे जाता जाता चकत्या चेपत होत्या आणि अगदी कडेच्या तर बदामासारख्या दिसत होत्या.

"आई, पट्टी काढ ना. मला फोटो घ्यायचेत, प्रबंध नाही लिहायचा," मनू म्हणाली.

मनू म्हणजे मनस्विनी, माझी मुलगी. डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सणाच्या दिव्यांचे घरच्या घरी दहा फोटो काढायचे आणि एकातही दिवा स्पष्ट दिसता कामा नये, असं काम तिला कॉलेजात दिलं होतं. सोमवारी द्यायचं होतं. तुळशीचं लग्न उद्या, आणि ते लागलं की अक्का घरात एकही माळ राहू देत नाहीत. म्हणून शनिवारी भर दुपारी तीन वाजता आम्ही जयनगरच्या आमच्या हॉलमध्ये अंधार करत होतो. खिडक्यांच्या पडद्यांवर सोलापुरी चादरी, चादरींना कपड्यांचे चिमटे, आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दिवाळीच्या तीनही माळा.

एका चिमट्याच्या शेजारून उजेडाची रेघ येत होती. मी उठून तो सरकवला. परत येऊन बसले, तर दुसरीकडून रेघ. पुन्हा उठले.

"ही क्षमा आज बसायची नाही," दिवाणावरून अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसूयाबाई. मूळच्या निपाणीच्या, बंगळुरात पन्नास वर्षं. "सकाळपासनं बघतोय मी. चहा केलास, प्यायलाच नाहीस. दिवसाढवळ्या अंधार करून बसलायसा, आणि मी वाती कुठं वळू? स्वल्प उजेड ठेवा की मला."

"अक्काआज्जी, वाती तू डोळे मिटूनसुद्धा वळतेस."

"वळतोय की. पण वळलेल्या बघाव्यात असं वाटतंय ना!"

टीपॉयवर माझा फोन थरथरला. नागराज. मी बघितलं आणि फोन पालथा ठेवला.

तो काय म्हणतोय ते मला माहीत होतं. मी एकवीस वर्षं भिंगं तपासते. आमच्या कारखान्यात शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकांत बसणारी भिंगं तयार होतात, आणि प्रत्येक भिंग बाहेर जाण्याआधी दिव्याखाली धरून, दहापट मोठं दाखवणाऱ्या हातभिंगातून कुणीतरी डोळ्यानं बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. माझा शिक्का सात नंबरचा. सातचा शिक्का पडला की ते भिंग पुन्हा कुणी उघडून बघत नाही. नागराज आमच्या विभागाचा प्रमुख. काल मी तपासलेली चाळीस भिंगं आज पाच वाजता गाडीत चढायची होती, आणि त्याला फक्त माझा होकार हवा होता. सही सोमवारी चालली असती.

एका शब्दाचं उत्तर. ते मी सकाळपासून दिलं नव्हतं.

मनूनं काळ्या कार्डपेपरातून कोयरी कापली आणि तो कागद भिंगाच्या तोंडावर बसवला. असं केलं की प्रत्येक दिवा त्या भोकाच्या आकाराचा दिसतो, असं तिला शिकवलं होतं. तिनं चार फोटो काढले.

"गोलच येतायत! कोयरी कुठे गेली?"

"भोक केवढं कापलंस?"

"एवढं." तिनं बोटं पसरली.

"पस्तीस मिलिमीटर असेल. तुझ्या भिंगाची खिडकीच अठ्ठावीसची आहे. खिडकीपेक्षा मोठ्या भोकाचा काय उपयोग? पंधराची काप."

"हे तू आधी सांगू शकली असतीस."

"तू पट्टी काढायला लावलीस."

अक्का हसल्या. मनूनं जीभ दाखवली आणि नेलकटरच्या कात्रीनं नवी कोयरी कापायला बसली. मी उठून स्टँड बोटभर मागे सरकवला. त्याची काही गरज नव्हती.

नवा कागद लावल्यावर मनू एकदम ओरडली. पडद्यावर शंभरेक कोयऱ्या तरंगत होत्या, लाल, पिवळ्या, मधूनच एखादी हिरवी, एकमेकींवर चढलेल्या. अक्कांनीसुद्धा वाती बाजूला ठेवल्या. "अय्यो, इरकलीच्या पदरासारखं दिसतंय की गं!"

"आई, तू बघ. कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतून बघ, पडद्यावर नको. आतून भारी दिसतं."

मी कॅमेरा घेतला आणि मागच्या छोट्या खिडकीला डोळा लावला.

प्रत्येक कोयरीच्या पोटात एक राखाडी डाग होता. एका कोयरीकडे पाहिलं, डाग. शेजारच्या कोयरीकडे पाहिलं, त्याच जागी तोच डाग. 

"भिंगात डाग आहे," मी म्हणाले.

"काय?"

"प्रत्येक दिव्यात एकाच जागी दिसतोय. दिव्याचा दोष असता तर एकाच दिव्यात दिसला असता. सगळ्यांत एकाच जागी म्हणजे भिंगात. आतल्या काचेवर असेल. वरून पुसून जायचा नाही."

हे बोलताना मला किती हलकं वाटलं ते सांगायला हवं. माझा आवाज कारखान्यातला झाला होता. नियम बरोबर होता, निष्कर्ष नियमातून निघत होता. एखादं मिनिट मी खरोखर तसं मानलं.

मनूचा चेहरा उतरला. भिंग तिचं नव्हतं, वर्गातल्या प्रणीतचं होतं. त्यानं ते गेल्याच महिन्यात चामराजपेटेतल्या एका दुकानातून घेतलं होतं. तिनं लगेच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"प्रणीत, तुझ्या लेन्समध्ये आत डाग आहे अरे. नाही, मी काही नाही केलं! आई म्हणतेय."

तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं घालायला हवा होता.

"काकू म्हणाल्या? मग असणारच," तो म्हणाला. "काकूंचं कामच आहे ना ते. मला वाटलंच होतं, तो दुकानदार जरा जास्तच गोड बोलत होता. थांब, मी आत्ता जातो. सरळ सांगतो, लेन्स तपासणाऱ्या ऑफिसर बघून बोलल्यात, आता नवीन दे. फोटो पाठव मला डागाचा, त्याच्या तोंडावर दाखवतो."

"पाठवते."

मनूनं फोन ठेवला, आधीचे फोटो उघडले आणि एक कोयरी मोठी करत गेली. लाल रंग पडदाभर झाला. तिनं दुसरी मोठी केली, मग तिसरी. मी तिच्या शेजारी उभी होते. दोन्ही डोळ्यांनी मलाही ते फोटो स्वच्छ दिसत होते.

"यात तर काहीच नाहीये," ती हळूच म्हणाली. मग कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिली. "आतूनही नाही दिसत मला. पण तू म्हणतेस म्हणजे असेल. माझाच चष्मा बदलायला झाला असेल बहुतेक. तुला दिसतो तेव्हा कसा दिसतो? धुरासारखा?"

तिचे डोळे चांगले आहेत. एकोणीस वर्षांचे आहेत. आणि माझ्या एका वाक्यावरून ती त्यांच्यावर संशय घेत होती.

मी पुन्हा कॅमेरा घेतला. या वेळी डाव्या डोळ्यानं पाहिलं. प्रत्येक कोयरी कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ, एकसारखी.

"डोळा बदललास," अंधारातून अक्का म्हणाल्या.

मी कॅमेरा खाली घेतला.

"तांदूळ निवडतानापण मान वाकडी करतीस आताशा. कोंबडी दाणा बघती तशी. गणपतीपासनं बघतोय मी. म्हटलं, सांगंल आपणहून."

मी जाऊन एक चिमटा काढला आणि पुन्हा लावला.

जूनमध्ये आमच्या खिडकीच्या गजांतला एक गज मला वाकलेला दिसला होता. उजव्या डोळ्यानंच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याला बरोबर मध्यभागी बारीक छिद्र पडलंय. शस्त्रक्रिया होते, जितकी लवकर तितकी बरी, पण आधीसारखं बारीक दिसेलच असं नाही. त्यांनी दिलेला कागद मी भौतिकशास्त्राच्या जुन्या वह्यांत ठेवला. मकरंदला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं नाही. रजा मागितली की कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की हातभिंग जाणार. डावा डोळा चांगला आहे, डाव्यानं तपासू, असं मी ठरवलं. एका डोळ्यानंच तर बघायचं असतं.

मग ऑगस्ट आला. दर ऑगस्टमध्ये तपासनिसांची नजर तपासतात. डावा डोळा झाकायचा, हातभर अंतरावर एक कार्ड धरायचं आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळी वाचायच्या. मग तेच उजवा झाकून. मी लागले तेव्हापासून ते कार्ड बदललेलं नाही. डाव्या कोपऱ्याचं प्लास्टिक सुटलंय. त्या दिवशी मी वाचायला लागले आणि खालच्या ओळीच्या मध्यावर अक्षरं विरघळली. मी थांबायला हवं होतं. पण तोंड थांबलं नाही. एकवीस वर्षं तीच ओळ वाचलेली. ती शेवटपर्यंत आपोआप आली, पूर्णविरामासकट. नर्सनं खूण केली, मी सही केली. ठरवून खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला नंतर बरेच दिवस सांगत होते.

तेव्हापासून मी नाकारलेल्या भिंगांचं प्रमाण वाढलं. नागराज चेष्टा करायचा, मॅडम, तुम्ही फार कडक झालात, सासूबाईंशी भांडून येता काय? सगळे हसायचे. मीही. चांगली भिंगं मी का नाकारतेय, हे मला कळायला हवं होतं. आत्ता कॅमेरा हातात घेतला तेव्हा तो कुठल्या डोळ्याला गेला? उजव्या. मी ठरवलेलं असताना, काही विचार न करता. मग टेबलावर, दिवसाला साठ भिंगं बघताना, दुपारनंतर दमलेली असताना, हातभिंग कुठल्या डोळ्याला जात असेल? आणि ज्याला चांगल्या काचेत डाग दिसतो, त्याला खराब काचेतला ओरखडा दिसतो का? काल चाळीस होती. त्यातली किती कुठल्या डोळ्यानं, मला सांगता येत नव्हतं.

"आई?" मनू म्हणाली. "प्रणीत विचारतोय, फोटो पाठवला का. तो बसस्टॉपवर पोचलाय."

"त्याला सांग, जाऊ नको."

"का?"

"भिंग चांगलं आहे."

"अगं पण तूच आत्ता म्हणालीस ना, आतल्या काचेवर आहे म्हणून? मी त्याला काय सांगू? आईनं मत बदललं?"

"चुकले म्हणून सांग."

"तू? लेन्समध्ये?" ती हसली, आणि मी हसत नाही हे बघून थांबली. माळांचा रंग तिच्या गालावर बदलत होता. "आई, काय झालंय?"

"तिला बसू दे आधी," अक्का म्हणाल्या. "क्षमा, बस गं. इकडं ये."

मी बसले नाही. फोन पुन्हा थरथरायला लागला होता, आणि काचेच्या टीपॉयवर तो हळूहळू कडेकडे सरकत होता. चार पन्नास. मी उचलला नाही तर नागराज माझा होकार गृहीत धरेल. एकवीस वर्षांत त्याला तसं करायची सवय मीच लावली आहे.

मी फोन उचलला.

"मॅडम, बऱ्या आहात ना?" आम्ही एकमेकांशी कन्नडमध्ये बोलतो. मागे गाडीचं इंजिन चालू होतं. "सकाळपासून तीन मेसेज केले. ड्रायव्हर डोकं खातोय, एक्स्प्रेसवेवर गर्दी व्हायच्या आत निघायचंय त्याला. चाळीसचा डबा चढवू ना?"

"नको."

"काय? आवाज येत नाही, मॅडम."

"चढवू नको, नागराज. डबा उतरव."

"का? पॅकिंगमध्ये काही?"

"पॅकिंग बरोबर आहे."

"मग? काल तर तुम्हीच शिक्का मारलात. बरं, सरी, उतरवतो, पण वर काय सांगू? सातचा शिक्का असलेला माल थांबवला असं कधी झालेलं नाही."

इंजिन बंद झालं. कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, काय झालं, आणि नागराजनं त्याला गप्प केलं. मनू माझ्यासमोर उभी होती, कॅमेरा पोटाशी धरून. आमच्या घरात कन्नड सगळ्यांना कळतं. मी शब्द जुळवून ठेवले होते, जूनपासून, वेगवेगळ्या क्रमानं. त्यातला एकही क्रम आठवेना.

"मॅडम?"

"माझा उजवा डोळा गेलाय, नागराज. मधलं दिसत नाही, जूनपासून. ऑगस्टमध्ये कार्डावरची शेवटची ओळ मी वाचली नाही, पाठ म्हटली. तेव्हापासूनची माझी सगळी भिंगं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घे, आणि सातचा शिक्का आज कुलपात ठेव. मी यापुढे तपासणार नाही."