टेकडीवरची पोळी

हातातली बर्फावरून घसरायची लाल प्लॅस्टिकची स्लेड टाकून गिरीश धावला, तोवर एका परक्या अगडबंब कुत्र्याने त्यांच्या कुत्र्याची, बंड्याची, मान तोंडात धरून त्याला दोनदा झटकलं होतं. बर्फावर रक्त उडालं.

भांडण पोळीवरून होतं. गिरीशच्या आईला, शोभाताईंना, कुत्रं दिसलं की पोळी घालायची सवय. नागपूरच्या गल्लीत त्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे. इथे, सांता क्लाराहून चार तास गाडी हाकून गाठलेल्या घसरगुंडीच्या टेकडीवर, त्यांनी तुपाची पोळी मोडून अर्धी परक्या कुत्र्याला दिली, अर्धी घरच्या बंड्याला. वाटणी दोघांनाही पटली नाही.

"सर, एक्स्क्यूज मी, तुमचा डॉग..." गिरीश म्हणत होता.

ग्रीन कार्डची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. पोलिसांत एक नोंद झाली की सगळं मुसळ केरात, असं वकिलाने बजावल्यापासून त्याने लाल सिग्नलला नमस्कार करायचाच तेवढा बाकी ठेवला होता.

सर आले. दाढीवाले, दारासारखे रुंद, तोंडाला बिअरचा वास. त्यांनी आपलं कुत्रं पट्ट्याला धरून मागे ओढलं, झाडाला बांधलं, आणि परत येऊन बर्फात पडलेल्या बंड्याच्या बरगडीत लाथ घातली. बंड्या केकाटला. त्यांनी दुसरी घातली.

"सर, प्लीज," गिरीश म्हणाला.

"गिऱ्या, हाण ना रे त्याला."

"आई, तू मध्ये पडू नको."

"मध्ये कोणीच दिसत नाही, म्हणून म्हटलं."

तिसऱ्या लाथेसाठी दाढीवाला एका पायावर आला, तेव्हा शोभाताईंनी स्लेड उचलली आणि तिची कड त्याच्या तोंडावर हाणली. नाक मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तो आडवा झाला. स्लेड दुभंगली, मग त्यांनी उरलेलं काम मुठींनी केलं. साडीवर जॅकेट, पायात सुनेचे बूट, आणि चेहऱ्यावर दाण्याचं कूट करताना असतो तेवढाच राग. गिरीशने त्यांना कंबरेला धरून ओढेपर्यंत दाढीवाल्याचा एक दात बर्फात पडला होता.

चैत्राली, गिरीशची बायको, बंड्याला शालीत गुंडाळून गाडीकडे पळाली.

जंगलखात्याची रेंजर आली, तेव्हा दाढीवाल्याचे दोन मित्रही वरून घसरत पोचले होते. कुणी मारलं, रेंजरने विचारलं. मित्रांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. दाढीवाला नाकावर बर्फ धरून खाली बघत होता.

"काय म्हणतेय रे ती?" शोभाताईंनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, पण इथल्या लोकांचं इंग्रजी त्यांना उमगत नसे.

"कुणी मारलं, विचारतेय."

"मग सांग की. मी मारलं. परत लाथ घातलीस तर परत मारीन, हेही त्याला सांग."

गिरीश रेंजरकडे वळला.

"माझी आई म्हणतेय..." तो इंग्रजीत म्हणाला, आणि अडला. "ती काही नाही म्हणत. मी मारलं."

मुलाचं इंग्रजी शोभाताईंना अक्षर न् अक्षर कळत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

रेंजरने दाढीवाल्याला विचारलं, हे खरं का? त्याने गिरीशकडे पाहिलं, मग पाच फुटी शोभाताईंकडे, मग मित्रांकडे.

"हो, यानेच," तो घाईघाईने म्हणाला. "भयंकर ताकद आहे त्याच्यात."

रेंजरने गिरीशला हातमोजे काढायला सांगितले. त्याने काढले. कीबोर्डवर पोसलेले, मऊ, गोरटेले हात, ओरखडासुद्धा नव्हता. ती ते बराच वेळ बघत राहिली.

शोभाताईंनी आपली सोललेली बोटं हळूच जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतली.