भिंगरीवर डूख धरलेला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी सोफा आहे, आणि मी डूख धरणारा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक साध्याभोळ्या असतात. मी तसा नाही.

लालबर्र्याच्या हिरालाल मिस्त्रीने मला बावीस वर्षांपूर्वी घडवले. अंग अस्सल सागाचे, पोटात काथ्या, वर जाड मोतिया रंगाचे कापड. रंधा मारून झाला की तो माझ्या हातावरून आपला गाल फिरवी आणि कुठे खरबरीत लागले की पुन्हा रंधा उचली. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात चिंतामणकाकांच्या घरी आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! काका सरकारी नोकरीत होते, घरी माणसांचा राबता होता. किरनापूरचे पाहुणे आधी मला दाबून बघत, मग बसत. अलकनंदाकाकू रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसत. अशी माझी अठरा वर्षे सुखात गेली.

मग भिंगरी आली. काकांची नात ऋता हिने ते मांजरीचे पिल्लू गल्लीतून उचलून आणले. त्याच्या भावंडांना कुत्र्यांनी मारले होते, म्हणून त्याला कधीच दाराबाहेर सोडायचे नाही असे ठरले. ठरले ते चांगलेच. पण बंद घरात त्या वाऱ्यासारख्या जिवाने दिवसभर करायचे काय, याचा विचार कोणी केला नाही. मी तर मुळीच केला नाही. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

ती पडद्यावरून छताकडे चढायची, फ्रिजवरून थेट कणकेच्या परातीत उडी घ्यायची. कोणी खोलीत चालले की पोटरीवर झडप ठरलेली. आणि नखे परजायला तिला आख्ख्या घरात एकच जागा सापडली, माझा डावा हात. सहा महिन्यांत कापडाच्या चिंध्या झाल्या आणि काथ्या बाहेर लोंबू लागला. पाहुणे आले की काकू माझ्या हातावर चादर टाकत. मी मनातल्या मनात दातओठ खात असे.

उपाय पुष्कळ झाले. इस्त्रीच्या फवाऱ्याने तिच्या तोंडावर पाणी मारून झाले, न्हाणीघरात कोंडून झाले. एकदा काकूंनी माझ्या दोन्ही हातांवर तिखट भुरभुरले. भिंगरी दोनदा शिंकून निघून गेली, आणि आंघोळ करून आलेले काका उघड्या अंगाने माझ्यावर रेलले. पुढचा अर्धा तास ते पुन्हा बादलीजवळ होते. भिंगरीला मात्र कोंडून सोडले की ती तीरासारखी माझ्याकडेच येई आणि दुप्पट जोराने नखे मारी.

“पाह्यलं का?” काकू म्हणत. “कोंडलं म्हून बदला घेऊन राह्यली मेली!”

हे बोलणे मला फार आवडे. घेऊ दे बदला, मी म्हणे, माझाही दिवस येईल. फाटलेल्या कापडातून माझा एक खिळा वर आला होता. तो मी तिच्या पंजासाठी राखून ठेवला होता. पण ती बया नेमकी खिळ्याला बगल देऊन ओरबाडायची.

एका गुरुवारी काकू लग्नाला निघाल्या. अंगावर वारासिवनीची कोरी निळी साडी होती. सँडलचा पट्टा लावायला त्या माझ्यावर टेकल्या आणि पदर माझ्या खिळ्यात अडकला. मित्रांनो, मी लाकूड जरा सैल सोडले असते तर पदर सुटला असता. पण शेजारीच भिंगरी झोपली होती. मी खिळा घट्ट आवळून धरला. काकू उठल्या आणि टर्रकन वीतभर पदर फाटला.

“हे मांजर आता मले घरात नको!” काकू ओरडल्या. “अहो, रविवारी उकव्याच्या जंगलात सोडून या इले.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. चोर मी होतो, आणि माझ्या आनंदाला पारावार उरला नव्हता.

रविवार उजाडला. मांजराला पोत्यात घालून तीनदा गोल फिरवले की त्याला परतीची वाट सापडत नाही, अशी काकांची पक्की समजूत. त्यांनी तसे फिरवले आणि गाठ मारलेले पोते माझ्यावरच ठेवले. आतून बारीक आवाज येत होता.

“आजी, वहाँ तेंदुआ है!” ऋता रडत होती. “ती एक दिवस नाही जगणार गं!”

“मंग मी काय करू?” काकूंनी पोत्याकडे पाठ फिरवली. “घरात पाय टाकाची भीती वाटते मले.”

खाऊ दे बिबट्याला, मी मनात म्हटले.

मांजर बसमध्ये ओरडू नये म्हणून काकांनी दुलीचंदला बोलावले होते. तो गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. झोपेची गोळी काढायला तो माझ्या डाव्या हातावर टेकला, आणि उठला तेव्हा त्याची पँट टर्रकन फाटली. या वेळी मी सैल सुटायला खरोखर धडपडलो होतो, नाहीतर माझे बिंग फुटणार होते. पण सुडाने इतके दिवस आवळलेले लाकूड काही सुटेना.

दुलीचंद खाली वाकला. त्याने खिळ्यावरून एक निळा धागा सोडवला आणि काकूंपुढे धरला.

“काकू, हा तुमच्या साडीचा का? मांजर तर पोत्यात आहे.”

काकूंनी आतून निळी साडी आणून धागा फाटल्या पदराशी ताडून पाहिला. तोच होता.

“पण हा सोफा तर तिनंच फाडला ना?” काका पुटपुटले.

“हौ, फाडला. पण मांजराले बदला समजत नाही, काका. नखं घासल्याशिवाय त्याले चालत नाही. तुम्ही दार लावलं, बरं केलं, पण आत तिले काम काय देल्लं? दोन्ही टाइम जेवणाआधी तिले दोरीमागं पळवा. खांबाले सुतळी गुंडाळा, तिथं नखं मारली का काही खायला द्या. खिडकीत बसाले एक फळी ठोका. अन् हे कोंडणं, पाणी मारणं बंद करा. भ्यालेलं मांजर जास्तच फाडते.”

मांजराला बदला समजत नाही! म्हणजे चार वर्षे त्या घरात बदला घेणारा एकच जण होता, आणि त्याच्यावर सगळे निवांत बसत होते. माझ्या पोटातला काथ्या गार पडला.

काकूंनी स्वतः गाठ सोडली. भिंगरी उडी मारून बाहेर पडली. ऋता मांडी पसरून बसली होती, कपाटामागे जागा होती, पलंग होता. ती कुठेच गेली नाही. पोट घासत सरळ माझ्याखाली शिरली आणि माझ्या खालच्या लाकडी पट्ट्यांना पाठ टेकवून बसली. ज्याने तिला बिबट्याच्या तोंडी द्यायचे ठरवले होते, त्याच्याच आडोशाला तिला बरे वाटले. तिच्या काळजाची धडधड माझ्या लाकडाला लागत होती.

मित्रांनो, मुक्या जिवाला शिक्षा करण्याआधी आपण त्याला दिवसभर काय करायला दिले ते आठवून पाहा. आणि दोष कुणाच्या माथी मारण्याआधी एकदा खाली वाकून बघा. माझा राग गेला का म्हणाल, तर सगळा गेला नाही. डावा हात माझा होता, तो गेलाच ना! पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुलीचंद बसला, काका बसले, काकू डोळे पुसत बसल्या. भिंगरी माझ्याखाली झोपली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, माणसे बसली-उठली तरी मी एकदाही करकरलो नाही.