न तडकलेली सीट

शेषेरावांच्या गाडीत चामड्याच्या तीन सीटा होत्या: ड्रायव्हरची, त्याच्या शेजारची आणि मागची सलग. तिन्ही एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच फडक्याने पुसल्या जात आणि तिन्हींना एकाच डब्यातले मलम लागे. १९८६च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या दोन तडकल्या. ड्रायव्हरची तडकली नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. मी तिथल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. दुष्काळामुळे गावोगाव बोअर पाडले जात होते आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे आहे का हे ठरवणे माझ्याकडे होते. अहमदपूरच्या पुढे एका गावात मी तपासणीची पेटी घेऊन उतरलो, तर बोअरकडे न नेता शेषेरावांनी मला थेट गाडीच्या शेडमध्ये नेले. शेषेराव गावातले मोठे बागायतदार. बाग त्या वर्षी वाळली होती, पण रुबाब शिल्लक होता.

"पाण्याचं मागून बगू साहेब. आधी हे बगा. तेजाब टाकलंय, एवढं कागदावर लिहून द्या. सरकारी शिक्क्याचा कागद असला की ठाण्यात केस बसती."

गाडी विलायती होती. नव्या जिल्ह्याचे नवे अधिकारी दौऱ्यावर येऊ लागले, तेव्हा त्यांना मिरवायला म्हणून ती मागच्या दसऱ्याला हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या वारसांकडून घेतलेली. मागच्या सीटला बोटभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून भुसा डोकावत होता. दोन दिवसांपूर्वी जिल्ह्याचे एक बडे अधिकारी तीवर बसले, तेव्हा चामडे आवाज करून फाटले. अधिकारी हसले. शेषेरावांनी हे तीनदा सांगितले: अधिकारी हसले.

"आणि हिकडं बगा," शेषेरावांचे धाकटे भाऊ व्यंकटराव ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारत म्हणाले. "हिला काय झालंय? लोण्यावानी हाय. सोताची तेवढी राखली गड्यानं. आता ह्यात पुरावा आनखी काय पायजे?"

गडी शेडच्या बाहेर उन्हात उकिडवा बसला होता. त्याचे नाव लिंबाजी. बौद्धवाड्यातला, सातवी पास, अवजड वाहनाचा परवाना असलेला गावातला एकटाच. त्याच्या डाव्या हाताला धोतराची चिंधी गुंडाळली होती आणि चिंधीबाहेर दिसणारी दोन बोटे काळीनिळी होती.

"हाताला काय झालं?"

"दारात सापडलीत साहेब."

"सापडतील कशी?" व्यंकटराव म्हणाले. "मी लावलं दार. म्हटलं, कुठल्या हातानं पुसतूस? तर म्हणतंय, दोन्ही. म्हटलं, एक सांग. मग डावा फुडं केला."

"डावाच का?" मी लिंबाजीला विचारले.

"उजव्यानं जेवावं लागतंय, साहेब."

व्यंकटराव हसले. "लई हुशार हाय. कलेक्टरचा डायवर व्हायलाय म्हणे! बलावणं आलंय त्याला."

बोलावणे खरे होते. जिल्हा कार्यालयात वाहनचालकांची भरती निघाली होती आणि लिंबाजीची चाचणी पुढच्या गुरुवारी होती. अट अशी, की उमेदवारावर पोलीस केस नसावी. शेषेरावांना हवा असलेला कागद मी दिला असता, तर ती अट तिथेच मोडली असती. परवाना आधीच शेषेरावांच्या खिशात होता.

मी म्हणालो, की कागद देतो, पण तपासून देतो. सीटा कशा पुसल्या जातात हे लिंबाजीने मला सांगावे.

तो उठला. त्याने सांगितले ते जहागीरदाराच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून आठ दिवस राहून शिकलेले होते. आधी कोरड्या मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढायची, कारण धुळीवर ओले फडके फिरवले की तिचा सँडपेपर होतो. मग अंगाच्या साबणाचा फक्त फेस फडक्यावर घ्यायचा आणि फडके पिळून काढायचे. सीटवर पाणी दिसता कामा नये. धुण्याचा सोडा, रॉकेल, स्पिरिट यांतले काही लावायचे नाही. दुसऱ्या ओलसर फडक्याने फेस उचलायचा, कोरड्याने टिपायचे, गाडी सावलीत उघडी ठेवायची. पूर्ण वाळल्यावर मलम: मधाच्या पोळ्याचे मेण आणि एरंडेल, मंद आचेवर एकजीव केलेले. तेही नखाएवढे, गोल गोल चोळून, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून.

"हे मलम चालेल हे कशावरून?"

"आधी लावून बगितलं की. मागल्या सीटच्या बुडाला, जिथं दिसत न्हाई तितं. दोन दीस थांबलो. रंग उतरला न्हाई, चिकटलं न्हाई, मग वर लावलं."

माझ्या प्रयोगशाळेतल्या दोन सहायकांना नमुन्याची पूर्वचाचणी घ्यायला मला दरमहा सांगावे लागे.

मी त्याला ती जागा दाखवायला सांगितले. त्याने उजव्या हाताने आणि डाव्या कोपराने मागची सीट उचलून उभी केली. खालच्या कडेला तळहाताएवढा भाग होता. तिथे तो दर महिन्याला मलम लावत आला होता. तो भाग मऊ होता. म्हणजे मलम निर्दोष. पाणी बोअरचे होते, बादलीतले तपासले तर क्षारांनी जड निघाले, परंतु तेच पाणी ड्रायव्हरच्या सीटलाही लागत होते. ऊन शेडमध्ये येत नव्हते.

सीट खाली ठेवल्यावर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला गाळणकागद मी भेगेजवळ दहा मिनिटे दाबून ठेवला. आम्ल असते, तर त्या कागदाला टेकवलेली आम्ल-अल्क दाखवणारी पट्टी तांबडी झाली असती. ती निळसर हिरवी झाली. तेजाब नव्हते, त्याच्या उलट काहीतरी होते. अमोनिया ओळखण्याचे एक द्रावण माझ्या पेटीत असते, त्याने घाण झिरपलेल्या विहिरी कळतात. त्याचा थेंब त्या कागदावर टाकताच कागद तपकिरी झाला. ड्रायव्हरच्या सीटवरचा कागद होता तसाच राहिला.

मी शेषेरावांना म्हणालो, "या दोन सीटांना लागणारी प्रत्येक गोष्ट मला सांगा. एकही गाळू नका."

"ह्यानं सांगितलं तेवढंच. साबण, पाणी, मलम."

याच वेळी शेषेरावांच्या आई, तुळजाबाई, घरातून तांब्या घेऊन आल्या. लिंबाजी शेडमधून बाहेर गेला आणि लिंबाखाली पाठ करून उभा राहिला. शेषेराव बोलता बोलता दाराच्या एका बाजूला सरकले.

"दुसरं काय लावणार, साहेब? लेकरांना सुदिक हात लावू देत न्हाई मी."

तुळजाबाईंनी तुळशीची डहाळी तांब्यात बुडवून मागच्या सीटवर आडवी झटकली. मग पुढच्या डाव्या सीटवर. वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आले.

"दसऱ्यापासनं ह्या तिनाशिवाय चवथी चीज लागली न्हाई," शेषेरावांनी वाक्य पुरे केले.

"हे काय आहे?" मी विचारले.

"कुठं काय?" त्यांनी मागे वळून पाहिले. "ते व्हय? ते गोमूत्र. त्यानं आत्ता सीट उचलली न्हवं का, तुमच्याच सांगण्यावरून."

मी तुळजाबाईंकडून तांब्यातले चार थेंब मागून घेतले. पवित्र वस्तू मागितल्याचा त्यांना आनंद झाला. पट्टीने नऊच्या वरचा आकडा दाखवला; शुद्ध पाण्याचा सात असतो. ताज्या गोमूत्राचा इतका येत नाही.

"आजी, हे आजचं आहे का?"

"आजचं कुठलं, बाबा? गाया मार्गशीर्षापासनं छावणीवर हायत. आठवड्याला एक कॅन भरून येतंय तिथनं. आधी पाणी घालून शिंपडायची मी, तवापासनं प्यायलाच पाणी न्हाई, तर तसंच."

"रोज?"

"त्यानं हात लावला की. म्हंजी रोजच."

"ड्रायव्हरच्या सीटवर नाही?"

"तितं घरचं कोण बसतंय?"

"आजी, ही सीटच गाईच्या कातड्याची आहे."

"विलायती हाय ती," तुळजाबाई म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

मी लिंबाजीकडे गेलो. शिंपडलेले तो पुसत का नव्हता, हे मला हवे होते.

"पुसत हुतो. संक्रातीपस्तोर फडकं मारीत हुतो लगीच. मग आजीनं बगितलं. म्हणाली, तू पुसलंस तर केलेलं वाया गेलं, वाळू दे अंगचं अंगी. तवापासनं पुसलं न्हाई."

"मालकांना सांगितलं का नाही, की याने चामडं खराब होतंय?"

"मला ठावं हुतं का, साहेब? मी हात लावतो म्हणून ते करतात, एवढं ठावं हुतं. ते करताना मी तिकडं बगत न्हाई."

शेडमध्ये परत येऊन मी पेटीवर कागद ठेवून लिहू लागलो. शेषेरावांनी खांद्यावरून दोन ओळी वाचल्या.

"हे असलं लिहू नका. तुम्ही शिकलेले लोक. गोमूत्रानं सीट फाटली म्हणून ठाण्यात कागद द्यायचा? हसतील लोक."

"ठाण्यात द्यायचं बंधन नाही."

"बोअर नापास करा हवं तर. पण हे खोडा."

"बोअर पास आहे," मी म्हणालो. "पाणी जड आहे, पण पिता येईल."

व्यंकटरावांनी दोन्ही तडकलेल्या सीटांकडे आणि मग माझ्या हाताकडे पाहिले. काही केले नाही. माझ्या हातात सरकारी पेन होते आणि शेडबाहेर सरकारी जीप उभी होती; लिंबाजीकडे यांतले काही नव्हते. मी परवाना मागितला, तेव्हा शेषेरावांनी तो काढून जमिनीवर टाकला. लिंबाजीने उचलला.

मी त्याला जीपमधून अहमदपूरच्या दवाखान्यात नेले. वाटेत त्याने हाताबद्दल काही विचारले नाही. अहवालाची एक प्रत आपल्यालाही मिळेल का, एवढेच विचारले. मी दिली. डॉक्टरांनी दोन्ही बोटांची हाडे चुरली असल्याचे सांगून प्लास्टर घातले.

पोलिसांत केस झाली नाही. अहवाल जोडल्याशिवाय तक्रारीला आधार नव्हता, आणि अहवाल जोडायचा, तर गोमूत्र ठाण्याच्या नोंदीत आले असते. अट शाबूत राहिली. गुरुवारी लिंबाजी चाचणीला गेला. अहवालाची प्रत खिशात होती; ती कुणी मागितली नाही. गिअर डाव्या हाताने टाकावा लागतो. तो पहिल्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकला नाही आणि त्याचे नाव यादीतून कमी झाले. शेषेरावांनी सीटांना रेक्झिन बसवले आणि उदगीरकडचा, आपल्या जातीतला ड्रायव्हर ठेवला.

अहवालातला कारणाचा परिच्छेद असा आहे:

कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि त्यातली चरबी त्याला लवचीक ठेवते. साठवलेल्या गोमूत्रात अमोनिया तयार होतो व ते तीव्र अल्कधर्मी बनते. डिसेंबरपासून असे गोमूत्र पाणी न मिसळता, आणि जानेवारीच्या मध्यापासून न पुसता, दोन सीटांवर रोज शिंपडून वाळवले गेले. अल्काने चरबी व कमावणीचे द्रव्य सुटले. राहिलेल्या क्षारांनी ओल शोषून घेतली. चामडे ताठ होऊन तडकले. साफसफाईची पद्धत व मलम यांत दोष आढळला नाही. शिंपडण्याचे कारण, सीटांना लिंबाजी यांचा हात लागत असे. ड्रायव्हरची सीट शाबूत राहिली, कारण तीवर घरातले कुणी बसत नसल्याने ती शुद्ध करण्यात आली नाही.